से म्हणायचं नाही

मुलीच्या घरी फ्रीजवर चार महिने एक कागद चिकटवलेला होता. त्यावर जाड मार्करनं एकच इंग्रजी शब्द लिहिला होता, 'से', आणि त्याच्यावर लाल फुली मारली होती. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय आहे? मग आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी एकमेकांकडे बघायचो, कारण ती फुली खास आमच्यासाठी होती.

'से' हा शब्द मी सांगलीला पाचवीत शिकले. बाईंनी फळ्यावर अर्थ लिहून दिला होता, म्हणणे. तेवढ्या शिदोरीवर मी लग्न होऊन अमेरिकेत आले, आणि आल्या आल्या लक्षात आलं की शिदोरी पुरणार नाही. इथे घड्याळ 'से' करतं, रस्त्यावरची पाटी करते, औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा करतं. मी औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत कामाला लागले, तर साहेब रोज सकाळी विचारायचा की टेस्टचे आकडे काय 'से' करताहेत. आपल्याकडे घड्याळ काही म्हणत नाही, घड्याळात वाजतात. पाटी बोलत नाही, पाटीवर लिहिलेलं असतं. पहिले सहा महिने माझं असं मत होतं की या देशात माणसांपेक्षा वस्तू जास्त बोलतात. शेजारीपाजारी बघता ते अगदीच चूक नव्हतं.

त्याच वर्षी समोरच्या घरातल्या बाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. माझ्या ग्लासात संत्र्याचा रस ओतताना त्या म्हणाल्या, "से व्हेन." मी आदरानं त्यांच्याकडे बघत राहिले. कधी म्हणजे कधी, आणि मी का म्हणायचं? रस काठाला आला, टेबलक्लॉथवर उतरला, तेव्हा आमचे हे 'इनफ, इनफ' म्हणत उठले. पुरे झालं की सांग, एवढाच त्याचा अर्थ होता. मला मात्र नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. सांगितलं की त्या खरोखर थांबल्या. आमच्याकडे पाहुणा पहिल्यांदा 'पुरे' म्हणाला की वाढणारी आणखी एक डाव वाढायची. दुसरं 'पुरे' कुणाला ऐकूच यायचं नाही. तिसऱ्याला जरा वजन असायचं, आणि मनापासून नको असेल तर ताटावर दोन्ही हात आडवे धरावे लागायचे. इथे एकदा म्हटलं की म्हटलं. हा धडा मी फार मनावर घेतला, नको तितका घेतला.

कारण पुढे मुलगी पाच वर्षांची होऊन किंडरगार्टनला गेली आणि वर्गात गप्प बसू लागली, तेव्हा तिच्या बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. त्या इवल्याशा खुर्च्यांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो. बाई प्रेमळ होत्या. त्या म्हणाल्या, घरी तिच्याशी फक्त इंग्रजी बोला, नाहीतर तिचा गोंधळ होईल. त्या काळी पुष्कळ जण असंच समजत. बाईंनी ते एकदाच सांगितलं, आणि आम्ही त्याच संध्याकाळपासून तिच्याशी मराठी बोलणं बंद केलं. आग्रह करायची गरजच पडली नाही. 'हॅव अ से' असाही एक प्रयोग इंग्रजीत आहे, म्हणजे एखाद्या गोष्टीत आपलंही मत चालणं. तो अर्थ मला फार उशिरा कळला.

तोवर रोज सकाळी वेणी घालताना मी तिला एक गोष्ट सांगत असे. एका उंदराची होती, रोज थोडी थोडी पुढे जाणारी. ती मी इंग्रजीतून सांगायला लागले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की आता उंदीर पूर्वीसारखा बोलत नाही. आठवड्याभरात गोष्ट संपली आणि महिन्याभरात तिनं 'आई'चं 'मॉम' केलं. मला ते लागलं. वर्गात ती बोलायला लागली होती, बाई खूश होत्या, मग माझ्या वाटण्याचं काय घेऊन बसायचं. घरातली मराठी आमच्या दोघांच्या भांडणापुरती आणि सांगलीच्या फोनपुरती उरली.

आता मुलगी चाळिशीला आली आहे. शहरातल्या बागा आखायचं काम करते. जावई इथलाच, ओहायोचा, शांत स्वभावाचा. आम्ही कॅरी गावात, ती शेजारच्या मॉरिसव्हिलला, मध्ये दहा मिनिटांचा रस्ता. ती दोघं कामाला जातात म्हणून नातवाला सांभाळायला आम्ही सकाळी तिच्या घरी जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. नातू अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. सगळं कळायचं त्याला. चप्पल आण म्हटलं की आणायचा, हवं ते बोटानं दाखवायचा, नाही दिलं तर माझं बोट धरून तिथवर ओढत न्यायचा. कान तपासून झाले होते, ते उत्तम होते. तोंडातून शब्द तेवढा येत नव्हता.

मुलगी वरकरणी धीराची. पण संध्याकाळी कामावरून आली की ड्राइव्हवेमध्ये गाडी लावून ती दहा-दहा मिनिटं गाडीतच बसून असायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. मग ती आरशात तोंड पुसायची, आत यायची आणि हसून विचारायची, आज काही म्हणाला का? आम्ही काहीतरी रचून सांगायचो. हे तर एकदा म्हणाले, "अगं, आज ऑलमोस्ट 'बस' म्हणाला." तो शिंकला होता.

त्याला बोलतं करण्याचा आमच्याकडे एकच उपाय होता, आणि तो आमच्या सगळ्या जातकुळीचा उपाय आहे. मुलाला चारचौघांत उभं करायचं आणि म्हणायचं, म्हणून दाखव. मी स्वतः लहानपणी पाहुण्यांसमोर स्टुलावर उभी राहून पावकी-निमकी म्हटलेली आहे. पाहुण्यांना पावकी-निमकी नको असे, चहा हवा असे, पण त्यांनाही वाटेत ती ऐकावी लागे. तेच आम्ही नातवाला करत होतो, फक्त इथल्या भाषेत. दर रविवारी भारतात व्हिडिओ कॉल लागला की सुरू व्हायचं. से नमस्ते. से हाय, आजोबा. बरं, से बाय. फोनच्या पलीकडे पाच-सहा चेहरे दाटीवाटीनं वाट बघत असायचे, आणि हा फोनच्या कडेचा रबर कुरतडत बसायचा.

गणपतीत आम्ही त्याला मंडळाच्या कार्यक्रमाला नेलं. स्टेजवर मुलं ओळीनं श्लोक म्हणत होती. शेजारी एक ओळखीच्या काकू बसल्या होत्या. त्यांनी त्याची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "काय रे सोन्या, से युअर नेम. म्हण की." त्यानं माझ्या पदरात तोंड खुपसलं. काकूंनी आवाज खाली आणून मला विचारलं, "अजून बोलत नाही का हो? दोन लँग्वेजचं कन्फ्युजन होत असेल. आमच्या भाच्याचं तसंच झालं होतं, फार त्रास झाला त्यांना." काकूंचा हेतू वाईट नव्हता. पण घरी येईपर्यंत मला त्या इवल्याशा खुर्चीचा काठ मांडीखाली टोचत होता. हा गोंधळ कोण करत होतं? घरात त्याच्याशी मराठी बोलणारी मीच होते. म्हणजे माझ्यामुळेच तो बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्याशी मराठी बोलणं बंद केलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. एकदा केलेलं काम दुसऱ्यांदा सोपं जातं.

आता मी आहे बडबडी. स्वयंपाक करताना मला गप्प राहता येत नाही. मी कांद्याला रागावते, मिक्सरला विनवण्या करते, फोडणी जळाली तर स्वतःची खरडपट्टी काढते. नातू रोज सकाळी ओट्याच्या खाली फरशीवर बसून डब्यांची झाकणं काढत-लावत ते ऐकत असायचा. पण कांद्याला इंग्रजीत रागावता येत नाही. मी प्रयत्न केला, पण ते लॅबच्या रिपोर्टसारखं वाटायला लागलं. त्यामुळे स्वयंपाकघरात मी मुकी झाले आणि बाहेरच्या खोलीत त्याच्यासमोर चेंडू धरून मास्तरीण झाले. लुक, बॉल. से बॉल. से इट. पाच-सहा दिवसांत त्यानं स्वयंपाकघरात येणं सोडलं. झाकणं तशीच पडून राहिली. मला वाटलं, मोठा होतोय, आता गाड्यांशी खेळतोय. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो.

असे तीन आठवडे गेले, मग स्पीच थेरपिस्ट घरी यायला लागली. दर मंगळवारी यायची. तिशीतली मुलगी, दारातच बूट काढून ठेवायची, त्यावर मी लगेच खूश. पहिल्या दिवशी ती म्हणाली, तुम्ही रोज जसं करता तसंच करा, मी नुसती बघते. ती गुडघ्यावर वही घेऊन फरशीवर बसली. मुलगी त्या दिवशी घरून काम करत होती, ती सोफ्यावर बसली. आम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे उत्साहानं कामाला लागलो. चेंडू, मोटार, केळं, सगळं त्याच्यासमोर नाचवलं.

वीस मिनिटांनी ती म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून बेचाळीस वेळा 'से' म्हणालात."

आमचे हे इंजिनिअर. त्यांनी विचारलं, "इज दॅट गुड?"

ती हसली. म्हणाली, तुम्ही एकदा 'से' म्हणता आणि तो तोंड उघडायच्या आत दुसऱ्यांदा म्हणता. त्याला रोज दिवसभर परीक्षा द्यावी लागते. आता परीक्षा बंद करा. तुमचं तुम्ही बोला, मग थांबा, मनात पाचपर्यंत मोजा. तो बोलला तर छान, नाही बोलला तरी छान. मग तिनं वहीचं पान फाडलं, त्यावर 'से' लिहिलं, फुली मारली आणि सही करून दिल्यासारखं आमच्या हातात दिलं.

जाता जाता तिनं मला विचारलं, "स्वयंपाक करताना तुम्ही कुठल्या भाषेत बोलता?"

मी म्हटलं, मराठीत. पण आता बंद केलंय, त्याच्यासाठी.

सोफ्यावरून मुलीनं मान वर केली. "स्टॉप्ड? मॉम, हू टोल्ड यू टु स्टॉप?"

थेरपिस्ट म्हणाली की दोन भाषांनी मुलाचं काही बिघडत नाही. ज्या भाषेत तुम्हाला विचार करावा लागत नाही ती त्याच्याशी बोला, त्याला तीच हवी आहे. एवढं बोलून तिनं बूट घातले आणि ती गेली. आमच्या घरात मात्र तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट उघडी पडली.

मुलगी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, ते इथे मराठीत लिहिते आहे. तिनं पुन्हा विचारलं, कोणी सांगितलं तुला? मी म्हटलं, या वेळी कुणी नाही. मागच्या वेळी तुझ्या बाईंनी सांगितलं होतं. कुठली मागची वेळ, तिला काही कळेना. मग मी तिला त्या इवल्याशा खुर्च्यांचं सांगितलं. तिला ते माहीतच नव्हतं. आम्ही कधी बोललोच नव्हतो त्याबद्दल.

ती फ्रीजला टेकून उभी राहिली. म्हणाली, "मला वाटायचं, मराठी तुमची दोघांची प्रायव्हेट गोष्ट आहे. मी खोलीत आले की तुम्ही थांबायचात. मला वाटायचं, मी काहीतरी चुकीचं केलं म्हणून तुम्ही माझ्याशी ती बोलणं सोडलंत."

मला रडू आलं. मी कांदा चिरत नव्हते, त्यामुळे सबबही नव्हती. पाच वर्षांची पोर वेणी घालून घेताना मनात काय धरून बसली होती, आणि मी तिच्या भल्याचं करते आहे या गुर्मीत होते. मी तिला म्हटलं, तू काही चुकली नव्हतीस गं, आम्ही भ्यालो होतो. तिनं तो कागद घेतला आणि चुंबक लावून फ्रीजवर डकवला.

'से' सोडणं हे सिगारेट सोडण्याइतकं अवघड असतं, असं यांचं म्हणणं. यांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. पहिल्या दिवशी यांनी विचारलं, "अगं, 'म्हण' म्हटलेलं अलाउड आहे का? कागदावर फक्त इंग्लिश आहे." मी डोळे वटारले. मग हे बोलता बोलता 'से' म्हणून अडखळायचे आणि माझी नजर पडली की 'सेव आहे का गं घरात' असं करून सुटायचे. त्या महिन्यात आम्ही खूप सेव खाल्ली. रविवारच्या कॉलवर पलीकडची मंडळी 'म्हण ना, म्हण ना' करायला लागली की हे फोनचा कॅमेरा छताकडे करायचे आणि सांगायचे, नेटवर्क गेलं.

मी पुन्हा कांद्याला रागवायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कुकरची खरडपट्टी काढत होते, तेव्हा मागे खडखड झाली. नातू फरशीवर बसून झाकण डब्यावर बसवत होता. मी वळले नाही. वळले असते तर मी काहीतरी म्हण म्हटलं असतं, माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

मुलगी शुक्रवारी घरून काम करायची. तीही मधूनच लॅपटॉप मिटून ओट्यापाशी येऊन उभी राहू लागली. मी जे बडबडायचे त्यातला एखादा शब्द उचलून विचारायची, खमंग म्हणजे काय, कढत म्हणजे काय. मग तो शब्द स्वतःशीच दोन-तीनदा घोळवायची. एकदा 'तो भाकरी' म्हणाली. माझ्या जिभेच्या टोकावर दुरुस्ती आली होती. मी जीभ चावली आणि तिला तो भाकरी वाढला.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. नातू बोलला नाही. तो तीन वर्षांचा होणार होता, त्यानंतर त्याची मोठी तपासणी ठरली होती, आणि त्यात काय निघेल या धास्तीनं घर भरलेलं होतं. मुलगी गाडीत आता पंधरा मिनिटं बसायची. थेरपिस्ट दर मंगळवारी म्हणायची, थांबा. मी दिवसभर मनात पाचपर्यंत इतक्या वेळा मोजायचे की जिन्याच्या पायऱ्यासुद्धा पाचाच्या पुढे जाईनात.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी मी टेबलाशी बसून मटार सोलत होते. भाजीची टोपली खाली फरशीवर होती. नातवानं त्यातला एक बटाटा उचलला, दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर आणला आणि म्हणाला, "से."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं भास झाला. मी नियमाप्रमाणे मोजायला लागले. तीनपर्यंत आले असेन, तर त्यानं बटाटा माझ्या मांडीवर आपटला आणि वैतागून म्हणाला, "से."

"बटाटा," मी म्हटलं.

त्यानं समाधानानं बटाटा खाली ठेवला आणि कांदा आणला. "से." मी म्हटलं, कांदा. मग गाजर आणलं, काकडी आणली, आल्याचा तुकडा आणला. वर्षभर आम्ही त्याला 'से, से' करून भंडावून सोडलं होतं. त्यातून त्यानं त्याचा पक्का अर्थ काढला होता. वस्तू समोर धरून हा शब्द म्हटला की समोरच्या माणसाला बोलावं लागतं. आता पाळी आमची होती. माझा आवाज चिरकायला लागला होता, पण त्याला त्याचं काही नव्हतं. तो साहेबासारखा एकेक भाजी तपासत होता.

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. ती कधीपासून तिथे होती मला माहीत नाही. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. नातवाचं तिच्याकडे लक्ष गेलं. तो लिंबू घेऊन तिच्याकडे गेला. "से."

तिनं हात खाली घेतले. "लिंबू," ती म्हणाली.

बरोबर असावं, कारण त्यानं दुसरा प्रश्न काढला. आवाज ऐकून आतून आलेल्या आजोबांकडे बोट दाखवलं. "से." "आबा," ती म्हणाली. आबांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि आम्हाला सांगितलं की सर्दी झाली आहे.

मग त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि आईकडे बघितलं. "से."

"आई," ती म्हणाली.

म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं. त्याची मी आजी होते. ती दुरुस्त करायला तोंड उघडून तशीच थांबली. नातवाला काहीच फरक पडला नव्हता, तो पुन्हा टोपलीत डोकं घालून बसला. मला खूप काही बोलायचं होतं. पण गेले दोन महिने मला एकच गोष्ट शिकवली गेली होती, आणि ती मी त्या दिवशी केली. मी तिच्याकडे बघत मनात सावकाश पाचपर्यंत मोजलं.

"आई," ती पुन्हा म्हणाली. या वेळी तिला कुणीही 'से' म्हटलं नव्हतं.